चालू कामात रोज नव्या मागण्या: जुन्या घराच्या दुरुस्तीची हद्द आता कशी आखायची?

साइटवरची_फोंडा

नमस्कार मंडळी. मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि फोंडा तालुक्यातल्या एका जुन्या घराचं काम आमच्या कंत्राटदाराच्या वतीने बघते. चौसोपी घर, मधोमध राजांगण, चिऱ्यांच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. मालक तीन भावंडं: थोरले पुण्याला, धाकटे दुबईला, बहीण म्हापशाला. घरात सध्या त्यांच्या आत्या एकट्या राहतात. तीन खोल्या होमस्टेसाठी तयार करायच्या आहेत.

कोटेशन मी या कामावर येण्याआधीच दिलेलं होतं. त्यातला सगळा मजकूर इथे देते, कारण अडचण तिथूनच सुरू होते: "छप्पर दुरुस्ती. तीन खोल्या संडास-बाथरूमसह तयार करणे. आवश्यक ते प्लंबिंग व वायरिंग. रंगकाम." खाली एक ठोक रक्कम आणि "काम पावसाआधी पूर्ण करून देऊ" हे एक वाक्य.

आता मार्च संपत आलाय. पश्चिमेकडची कौलं उतरवली तर बऱ्याच वाशांची टोकं वाळवीने पोखरलेली निघाली. म्हापशाच्या ताई साइटवर आल्या आणि म्हणाल्या, फरशीवाला आलाच आहे तर देवखोलीतही घालून घ्या. अर्धी घालून झाली. दुबईच्या दादांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठल्यातरी हॉटेलचा फोटो टाकलाय, राजांगणावर काचेचं छप्पर असलेला. पुण्याच्या दादांनी त्याला अंगठा दिला. तो "फोटो आवडला" म्हणून की "करा" म्हणून, ते कळायला मार्ग नाही. आत्यांना विहिरीचा कठडा नीट करून हवाय. आणि आमच्याच मेस्तने, म्हणजे सुताराने, पुढच्या दाराचं जुनं पॉलिश खरवडून नवं केलं, कोणी न सांगता. दार सुरेख झालंय, पण तेवढे दिवस तो छपरावर नव्हता.

आमचे साहेब म्हणतात, माणसं चांगली आहेत, पैसे बुडणार नाहीत, नाही म्हणू नकोस. मलाही त्यांना दुखवायचं नाही. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येईल तेव्हा छप्पर उघडं राहिलं तर चिऱ्यांच्या भिंती भिजतील, आणि त्याचं उत्तर मलाच द्यावं लागेल.

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या कोर्समध्ये स्कोप स्टेटमेंट (कामाची लेखी हद्द), डब्ल्यूबीएस (कामाची लहान भागांत फोड), चेंज कंट्रोल बोर्ड (बदल मंजूर करणारी समिती) हे सगळं शिकले. पण एका कुटुंबाला चेंज कंट्रोल बोर्ड कसं म्हणायचं? काम निम्म्यावर आलं असताना हद्द आखता येते का? आणि रोज दुपारी आमच्या सगळ्या माणसांना चहा देणाऱ्या आत्यांना "हे कोटेशनमध्ये नाही" कोणत्या तोंडाने सांगायचं? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहा.


जुना_क्यूएस_म्हापसा

बाय, काम निम्म्यावर आलं म्हणून हद्द आखता येत नाही, असं नाही. मी आयुष्यभर क्वांटिटी सर्व्हेइंग, म्हणजे बांधकामाची मोजमापं आणि खर्चाचा हिशोब, केलं, आधी सरकारी इमारतींवर, नंतर अशाच जुन्या घरांवर. जुन्या घरात खरी हद्द बहुतेक वेळा कौलं उतरल्यावरच आखता येते. तू योग्य वेळी विचारते आहेस.

तुझ्या यादीत तीन वेगळ्या जातीची कामं एकत्र झाली आहेत, म्हणून सगळंच "वाढीव" वाटतंय. वाशांची वाळवी ही कोणाची मागणी नव्हे. ते काम पहिल्यापासून छपराच्या पोटात होतं, दिसत नव्हतं एवढंच. देवखोलीची फरशी, काच, कठडा या मालकांच्या इच्छा. आणि दाराचं पॉलिश आपल्याच माणसाने न विचारता दिलेलं. तिन्हींना एकाच पद्धतीने सांभाळायला गेलीस तर कुठेतरी अन्याय होईल, तुमच्यावर नाहीतर त्यांच्यावर.

आधी वासे. छप्पर ठोक रकमेतून बाहेर काढ आणि मोजमापावर ने. दर आज ठरवायचा, प्रमाण जेवढं निघेल तेवढं. आयएस १२०० या भारतीय मानकात मोजायची पद्धत दिलेली आहे: बांधणीचं लाकूड घनमीटरवर, कौलांचं आच्छादन चौरस मीटरवर. तीच वापर, म्हणजे वाद घालायला जागा राहत नाही. प्रत्येक वाशाला खडूने नंबर घाल. स्क्रूड्रायव्हर खुपसून बघ, कुठे आणि किती आत जातो ते. नुसतं टोक गेलं असेल तर कापून सांधा देता येतो, मधोमध पोकळ असेल तर अख्खा बदलायचा. नंबर, हाल आणि निर्णय, असा तक्ता कर आणि त्याच दिवशी पुण्याच्या भावाला व्हिडिओ कॉलवर वासा न वासा दाखव. अशा खर्चाला मालक सहसा नाही म्हणत नाहीत. बिलात पहिल्यांदा दिसला की भडकतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

मग इच्छा. तुझे साहेब म्हणतात नाही म्हणू नकोस. मान्य. पण "हो" सुद्धा म्हणायचं नाही. मागणी आली की उत्तर म्हणून एक कागद जातो: काय करायचं, किती पैसे, किती दिवस, आणि त्यामुळे कोणतं काम मागे पडेल. खाली सहीची जागा. सही येईपर्यंत त्या कामाला हत्यार लागत नाही. तुझ्या कोर्समधलं चेंज कंट्रोल म्हणजे एवढंच. बोर्ड वगैरे शब्द त्या घरात काढायची गरजच नाही.

दिवसांचा रकाना कधी रिकामा ठेवू नकोस. मी सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्राच्या बांधकाम खात्याच्या, ज्या अटींखाली कामं केली, त्यात कलम १२ बदलांविषयीचं होतं. वाढीव कामाची किंमत मूळ रकमेच्या ज्या प्रमाणात, त्याच प्रमाणात मुदत वाढायची, आणि वर त्या वाढीच्या २५ टक्के. म्हणजे १० लाखांचं काम १०० दिवसांत करायचं असेल आणि १ लाखाचं काम वाढलं, तर १० दिवस नाही, साडेबारा दिवस मिळायचे. हे वरचे अडीच दिवस कुणी दयेपोटी दिलेले नाहीत. मधेच घुसलेलं काम बाकीच्या कामाची लय मोडतं, माणसं हलवावी लागतात, माल पुन्हा मागवावा लागतो, हे ती अट लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

काचेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ती मागणी दिसते साधी पण आहे सर्वांत मोठी. राजांगणात आतल्या चारही उतारांचं पाणी पडतं आणि खालच्या मोरीतून बाहेर जातं. घराचा तापलेला वाराही तिथूनच वर निघून जातो. वर काच टाकलीस की चारही बाजूंच्या पागोळ्या अडवायला पन्हळ आली, त्या पन्हळीतलं पाणी भिंतीला न लागता बाहेर कसं न्यायचं ते आलं, काचेचा भार तुळयांवर आला, आणि आतल्या गरमीचं काय करायचं तेही आलं. हा वाढीव आयटम नव्हे, हा घराचा आराखडाच बदलणं आहे. हे सगळं कागदावर मांड, किंमत आणि दिवस लिही आणि पाठव. तुला नाही म्हणावं लागणार नाही. दुबईचे दादा स्वतःच म्हणतील, पुढच्या वर्षी बघू.

मेस्तला ओरडू नकोस. लाकडाची कदर असलेला माणूस आजकाल मिळत नाही. पण एक दार असं चमकलं की उरलेली दारंही तशीच मिळणार असं घरचे धरून चालतात, आणि त्यांनी तसं धरण्यात गैर काही नाही. रोज सकाळी त्याला सांग, आज कोणते नंबर हातात घ्यायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे तुझं ते चार वाक्यांचं कोटेशन. "तीन खोल्या संडास-बाथरूमसह तयार करणे" यातला "तयार" म्हणजे काय, हे आज लिहून काढ, खोलीवार, भिंतीवार. गिझर कोण देणार? आरसा, एक्झॉस्ट, दाराला आतून कडी की कुलूप? रंग दाराच्या दोन्ही बाजूंना? आणि मला वाचताना जे पहिल्यांदा खटकलं ते हे: तीन नवे संडास म्हणजे त्यांची घाण जाणार कुठे? जुन्या घराची सेप्टिक टाकी एका कुटुंबाच्या हिशोबाने असते, कधी असतेच असं नाही. नवी टाकी आली, शोषखड्डा आला, तो त्या विहिरीपासून पुरेसा लांब घ्यायला हवा. तीन एसी लावायचे असतील तर वीज खात्याकडून मंजूर भार वाढवून घेणं आलं. तुम्ही डब्ल्यूबीएसमध्ये १०० टक्के नियम शिकता ना, की फोड केलेल्या कामांची बेरीज म्हणजे सगळं काम, त्याहून कमी नाही, जास्त नाही? तो नियम इथे लावून बघ. मालकांच्या मागण्यांपेक्षा कोटेशनमध्ये राहून गेलेलं काम मोठं निघेल, बघच.

आणि प्रत्येक पानावर "यात नाही" असा एक भाग हवाच. होमस्टेची पर्यटन खात्याकडे नोंदणी १९८२च्या कायद्याखाली करावी लागते. ती कोण करणार? पंचायतीची परवानगी कोण आणणार? फर्निचर, पडदे, बागेतले दिवे? तुमच्याकडे नसेल तर स्पष्ट लिही की नाही. मी "यात काय आहे" यापेक्षा "यात काय नाही" यावर जास्त वेळ घालवत असे. माणूस वाचताना नसलेल्या गोष्टी आपल्या मनाने भरून घेतो. तो स्वभाव आहे, लबाडी नव्हे.

झालेलं काम मोजून तिथे रेघ मार. छपराची एक बाजू पूर्ण झाली की तेवढ्याची मालकाकडून सही घे. "मिळालं" असं शेवटी एकदम म्हणवून घ्यायला गेलीस की प्रत्येक खोलीचा वाद एकाच दिवशी उभा राहतो.


पर्वरी_कोडर

काकांचं उत्तर मी सेव्ह करून ठेवलंय. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आमच्याकडे भिंती नसतात म्हणून मागण्या आणखी सहज येतात.

एका बाबतीत मात्र मी वेगळं सांगेन. प्रत्येक मागणीला कागद केलात तर दाराच्या कडीसाठीही कागद होईल, आणि आठवडाभरात दोन्ही बाजू कंटाळून पुन्हा तोंडी बोलायला लागतील. आम्ही काय करतो, सुरुवातीलाच एक छोटी रक्कम लहानसहान बदलांसाठी वेगळी ठेवतो. त्या मर्यादेच्या आतल्या गोष्टीला साइटवरची व्यक्ती तिथल्या तिथे हो म्हणू शकते, फक्त वहीत नोंद. रक्कम संपली की मग कागद.

दुसरं, भावंडांना एकदा व्हिडिओ कॉलवर एकत्र बसवा आणि सगळ्या मागण्या चार गटांत लावायला सांगा: हवंच, असायला हवं, जमलं तर, आणि या खेपेला नाही. ही पद्धत डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये ओरॅकलमध्ये असताना मांडली, आमच्या धंद्यात तिला मॉस्को म्हणतात. डीएसडीएम या प्रकल्प चालवायच्या पद्धतीत तिच्यासोबत एक अट येते: "हवंच" या गटात एकूण मेहनतीच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ द्यायचं नाही. उरलेलं अडचणीच्या वेळी सोडता येईल असं असायला हवं. जुन्या घरात तर वाळवी तुमचा किती भाग खाणार तेच माहीत नसतं, म्हणून मला ही अट तुमच्या कामाला आमच्या कामापेक्षाही जास्त लागू वाटते. "हवंच" मध्ये छप्पर, संडास आणि वायरिंग सोडून काही जाऊ देऊ नका.

आणि ग्रुपवरचा अंगठा म्हणजे मंजुरी नव्हे, हे ग्रुपवरच एकदा प्रेमाने लिहून टाका.


मूळ_घर_डिचोली

मी मालकाच्या बाजूने लिहिते. आमचं डिचोलीचं मूळ घर असंच दुरुस्त केलं, आम्हीही भावंडं लांब लांब.

काकांनी सही घ्या म्हटलं, पण कोणाची? गोव्यात हा प्रश्न सोपा नाही. वडिलोपार्जित घर वारसांच्या सामाईक मालकीचं असतं, आणि आपल्या नागरी कायद्यात लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जात असल्यामुळे भावंडांच्या जोडीदारांचाही त्यात हक्क येऊ शकतो. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली वाटणीची कायदेशीर प्रक्रिया, होऊन वाटे पडले आहेत की नाहीत, हे तुम्हाला माहीत असणं गरजेचं नाही. पण या कामापुरते निर्णय आणि पैसे मंजूर करण्याचा अधिकार एका व्यक्तीला दिलाय, असं पत्र बाकीच्यांच्या सह्यांसह मागून घ्या. आमच्या कंत्राटदाराने ते मागितलं तेव्हा घरात थोडी कुरबूर झाली. पण त्यानंतर मोठ्या भावाने एकट्याने ठरवायला सुरुवात केली आणि आम्ही बाकीचे आपापसांत बोलून मग त्याला सांगू लागलो. त्याआधी प्रत्येकजण सुताराला वेगवेगळं सांगत होता.

आणि आत्यांबद्दल. ताई, त्यांना अडचण समजू नका. त्या घरात काय लागतं हे त्या एकट्यांनाच ठाऊक आहे. त्यांच्याजवळ एक दुपार बसा. चवथीला गणपती कुठे बसतो, त्याच्यावरची फळांची माटोळी कुठे टांगतात, तिची लाकडी चौकट कोणत्या तुळईला बांधतात, हे विचारा. ती तुळई तुमच्या वाळवीच्या यादीत असेल तर नव्या लाकडाला कड्या कुठे हव्यात ते आत्ताच ठरायला हवं. चवथीला सगळं कुटुंब त्या घरात जमणार. आणलेल्या फळांची माटोळी टांगायला जागा नाही असं झालं तर तीन बाथरूम कितीही चांगली झाली तरी तुमचं काम वाईटच ठरेल. विहिरीचा कठडाही त्या उगीच मागत नाहीत, होमस्टेला लहान मुलं येणार आहेत.


साइटवरची_फोंडा

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, सेप्टिक टाकीचं खरंच कोणी बोललं नव्हतं. आज आत्यांना विचारलं, मागच्या बाजूला एक जुनी टाकी आहे, पण तिचं माप कोणालाच माहीत नाही. उद्या झाकण उघडून मोजतोय. माटोळीची तुळई मधल्या सोप्यातली निघाली, आणि ती चांगली आहे. कठडा "हवंच" मध्ये घालावा असं मी सुचवणार आहे.

लहान बदलांसाठी वेगळी रक्कम ठेवायची कल्पना साहेबांना आवडली, कारण त्यात नाही म्हणावं लागत नाही. काका, तुमचं मत काय? आणि एक राहिलं: देवखोलीची अर्धी फरशी तर घालून झाली आहे, तीही ताईंच्या तोंडी सांगण्यावरून. तिचं काय करू? एक मित्र म्हणाला, कराराच्या कायद्यात अशा कामाचे पैसे मागता येतात.


जुना_क्यूएस_म्हापसा

पर्वरीच्या भावाचं बरोबर आहे, लहान बदलांना रक्कम ठेव. पण दर शनिवारी त्यातलं किती उरलं ते ग्रुपवर टाक. आणि पाच लहान गोष्टी एकाच जागी जमल्या, समज पाचही त्याच बाथरूममध्ये, तर त्यांचा एकत्र कागद कर. तिथे मूळ आखणीतच काहीतरी राहिलेलं असतं.

मित्र म्हणतो ते भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७०. फुकट करण्याचा हेतू नसताना कायदेशीरपणे काम केलं आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई द्यायची असते. कलम खरं आहे, पण ते कोर्टात लागतं. या घरात त्याचं नावही काढू नकोस.

फरशीचा कागद कर, तारखेसह, झालेलं क्षेत्रफळ आणि उरलेलं क्षेत्रफळ वेगळं. झालेल्या भागाचे पैसे घ्यायचे की सोडायचे हे तुझ्या साहेबांनी ठरवावं, तो त्यांचा व्यवहार आहे. पण सोडायचे असतील तरी कागदावर शून्य लिहू नकोस. पूर्ण किंमत लिही, खाली "सूट" लिहून तीच रक्कम वजा कर, आणि त्या कामाला गेलेले दिवस मुदतीत धर. ताईंना कळू दे की त्यांना काय मिळालं. उरलेली अर्धी फरशी अधिकारपत्र असलेल्या व्यक्तीची सही येईपर्यंत थांबव. फरशीवाला मोकळा बसेल असं वाटत असेल तर त्याला बाथरूमच्या कोब्याचा उतार काढायला लाव. ते काम मूळ कोटेशनमध्ये आहेच, आणि टाकीचं माप काहीही निघालं तरी लागणारच आहे.